हॅल न्यूहाउझर खरंच मोठा पिचर होता, की बाकीचे युद्धावर गेले म्हणून जिंकला?

ऐरोलीची_आई
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न बेसबॉलचा आहे. इथे क्रिकेटवालेच जास्त, हे माहीत आहे, तरी विचारते. घरात उत्तर देऊ शकेल असं कोणी नाही.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. डावखुरा. सहावीपासून शाळेच्या टीममध्ये पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला बॉल टाकतो. गेल्या डिसेंबरात त्यांची टीम जिल्ह्यात पहिली आली आणि फायनलला याने अकरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून घरी आला तेव्हा कपड्यांवर सगळी लाल माती, आणि मेडल मुठीत घट्ट धरलेलं. गर्दीत रिबिन तुटेल म्हणून ठाण्यापासून ऐरोलीपर्यंत तसंच धरून उभा होता.

दोन दिवसांनी ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. चहा घेता घेता त्याच्यासमोरच म्हणाले, "यंदा बारावीच्या पोरांना प्रिलिम होती ना, चांगल्या टीम्सचे मोठे खेळाडू आलेच नाहीत. समोर कोणी नसेल तर कोणीही जिंकतं." मुलगा काही बोलला नाही. मेडल मात्र दुसऱ्या दिवसापासून खुंटीवर दिसलं नाही. परवा ते मला ड्रॉवरमध्ये सापडलं, जुन्या पासबुकांच्या खाली.

त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एका पिचरच्या फोटोची प्रिंट लावलेली असायची. हॅल न्यूहाउझर, अमेरिकेतल्या डेट्रॉइट टायगर्स टीमचा. डावखुरा म्हणून याला आवडायचा. गेल्या आठवड्यात तीही काढली. विचारलं तर म्हणाला, "आई, तो पण तसलाच निघाला. सगळे चांगले प्लेअर युद्धावर गेले होते तेव्हा जिंकला. त्याला वॉरटाइम पिचरच म्हणतात."

मला बेसबॉलमधलं फार कळत नाही. स्ट्राइक कशाला म्हणतात तेवढं शिकले आहे. कोणी नीट सांगेल का, या माणसाबद्दल तो म्हणतो ते खरं आहे का? मुलाची समजूत काढायची म्हणून गोड सांगू नका. खरं असेल ते सांगा, त्याला वाचायला देणार आहे.

नेरूळचा_आकडेबाज
रविवार, रात्री ११:०५

ताई, तुमच्या मुलाने जे वाचलं त्याला आधार आहे, तो आधी सांगतो.

जानेवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांना पत्र लिहिलं की दुसरं महायुद्ध चालू असलं तरी खेळ चालू ठेवणं देशाच्या दृष्टीने चांगलं. मात्र खेळाडूंना सैन्यातून सूट नव्हती. बॉब फेलर तर पर्ल हार्बर झाल्यावर लगेच नौदलात गेला. टेड विल्यम्स, जो डिमॅजिओ, हँक ग्रीनबर्ग, सगळे गेले. १९४४ आणि १९४५ या दोन वर्षांत मैदान खरंच विरळ झालं होतं. सिनसिनाटीने १९४४ मध्ये जो नक्सहॉल या १५ वर्षांच्या मुलाला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं केलं. १९४५ मध्ये सेंट लुइस ब्राउन्सकडून पीट ग्रे खेळला, ज्याला उजवा हात नव्हता. वॉशिंग्टनकडून बर्ट शेपर्ड कृत्रिम पाय लावून पाच इनिंगपेक्षा जास्त पिचिंग करून गेला. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे, पण लीगचा दर्जा उतरला होता हे त्यातून दिसतंच.

आणि नेमकी हीच दोन वर्षं न्यूहाउझरची. १९४४ ला २९ विजय, ९ पराभव. १९४५ ला २५ विजय, ९ पराभव. दोन्ही वर्षं अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी. लागोपाठ दोनदा एमव्हीपी झालेला पिचर आजपर्यंत तो एकच. त्याच्या आधीच्या पाच सीझनची बेरीज मात्र ३४ विजय आणि ५२ पराभव. त्यामुळे शंका येणं साहजिक आहे.

जुना_अंपायर
सोमवार, सकाळी ६:४०

ताई, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. वय ७१. नोकरी बँकेत केली, पण जवळजवळ पंचवीस वर्षं सुट्टीचे दिवस शाळांच्या सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या मॅचेसना कॅचरच्या मागे वाकून उभं राहण्यात गेले. दोन्ही गुडघे त्याची साक्ष देतात. न्यूहाउझर हा माझा जुना विषय आहे. रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागेना, म्हणून उजाडायच्या आधीच लिहायला बसलो.

आकडेबाजांनी दिलेले आकडे बरोबर आहेत. पण त्यांनी गोष्ट १९४५ ला थांबवली. ती पुढे न्यायला हवी, आणि थोडी मागेही.

आधी मागे. तो डेट्रॉइटचाच पोरगा. १९३९ मध्ये १८ व्या वर्षी आपल्याच गावच्या टीमकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. बॉलला वेग भरपूर, कर्व्ह (वळणारा बॉल) चांगला, आणि डोक्यात राग. फिल्डरने चूक केली की चिडायचा, अंपायरने 'बॉल' दिला, म्हणजे टाकलेला बाहेर गेला असं ठरवलं, की चिडायचा. मी प्लेटमागून असे पिचर खूप पाहिलेत. पिचर चिडला की सगळ्यात आधी त्याचा पुढचा खांदा लवकर उघडतो. मग हात मागे राहतो आणि बॉल उंच जातो, बॅटरच्या छातीच्याही वर. कॅचर उठून उभा राहून घेतो. पुढचा बॉल तो मुद्दाम खाली टाकायला जातो आणि तो जमिनीवर आपटतो. चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. यालाच वॉक म्हणतात. पोरगं आणखी चिडतं. एका चुकीच्या पाठी तीन चुका येतात, आणि मागे उभे असलेले सगळे फिल्डर खाली माना घालून बुटाने माती उकरत राहतात.

१९४३ मध्ये न्यूहाउझरने साधारण १९६ इनिंगमध्ये १११ वॉक दिले. नऊ इनिंगची मॅच धरली तर मॅचमागे पाचपेक्षा जास्त. लीगमध्ये सगळ्यात जास्त वॉक त्या वर्षी त्याचेच होते, आणि त्याच वर्षी तो ८ जिंकला आणि १७ हरला. लक्षात घ्या, तेव्हाही युद्ध चालूच होतं. बरेच मोठे बॅटर तेव्हाच गेलेले होते. नुसत्या युद्धाने कोणी मोठा होत असता तर तो १९४३ लाच झाला असता.

त्याच वर्षी डेट्रॉइटला पॉल रिचर्ड्स नावाचा कॅचर आला. वयाने मोठा, डोक्याने शांत. त्याने या पोराला दोन गोष्टींवर कामाला लावलं: राग आवरणं, आणि बॉल हवा तिथे टाकणं. पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, ३१२ इनिंगमध्ये १०२ वॉक. म्हणजे मॅचमागे तीनच्या आत.

आता ताई, तुमच्या मुलाला हे नीट वाचायला सांगा. विजय किती झाले यात समोरच्या टीमचा हात असतो, आपल्या टीमच्या बॅटिंगचा असतो, नशिबाचा असतो. पण वॉक किती दिले याचा हिशेब बराचसा पिचरच्या स्वतःच्या हाताशी असतो. होम प्लेट, म्हणजे जिच्यावरून बॉल जावा लागतो ती, १७ इंच रुंद असते. समोर टेड विल्यम्स उभा असो वा कालचं पोर, ती १७ इंचच राहते.

आता पुढचं. १९४६. युद्ध संपलं, सगळे परत आले. विल्यम्स आला, डिमॅजिओ आला, फेलर आला, ग्रीनबर्ग तर आधीच्या जुलैतच आला होता. लीग भरली. लोक वाट बघत होते की आता या न्यूहाउझरचं पितळ उघडं पडणार.

त्या वर्षी तो २६ जिंकला, ९ हरला. इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणारे रन, १.९४. लीगमध्ये सगळ्यात कमी. स्ट्राइकआउट २७५. युद्धाच्या वर्षात, १९४४ मध्ये, ते १८७ होते. म्हणजे खरे बॅटर परत आल्यावर त्याने आधीपेक्षा कमी इनिंग टाकल्या आणि जास्त लोकांना बाद केलं. आणि वॉक? २९२ इनिंगमध्ये ९८. मॅचमागे तीनच. रिचर्ड्सने बसवलेली घडी जशीच्या तशी. एमव्हीपीच्या मतदानात तो दुसरा आला, पहिला टेड विल्यम्स.

आपल्याकडचंच उदाहरण देतो, कारण इथे क्रिकेटवाले जास्त आहेत. १९४३-४४ च्या मोसमात विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केले. त्याच मोसमात पेंटॅंग्युलर या तेव्हाच्या स्पर्धेच्या फायनलला विजय हजारेंनी टीमच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने काढले. तेव्हा कसोटी बंद होत्या. घरच्या पाटा विकेटवरच्या धावा, असं म्हणणारे होतेच. मग १९४६ ला मर्चंट इंग्लंडला गेले आणि ओल्या, थंड हवेत त्या दौऱ्यावर फर्स्ट क्लासमध्ये २३८५ धावा करून आले, सरासरी चौऱ्याहत्तरच्या वर. माझे वडील ब्रेबर्नच्या स्वस्त स्टँडमध्ये बसणाऱ्यांतले. मर्चंटांच्या धावांना कोणी पाटा विकेट म्हटलं की ते फक्त "सेहेचाळीस" एवढंच बोलायचे आणि पेपर उघडायचे. न्यूहाउझरबद्दल मला कोणी विचारलं की माझ्याही तोंडी तेच साल येतं.

आणखी एक गोष्ट, जी मुलाने वाचलेल्या मजकुरात बहुधा नसेल. न्यूहाउझर युद्धावर गेला नाही, कारण त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष होता. त्याने सैन्यात जायचा प्रयत्न केला, परत केला, आणि दर वेळी डॉक्टरांनी परत पाठवलं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, बरोबरीची सगळी पोरं समुद्रापार, आणि हा भर उन्हात नऊ इनिंग टाकतोय. प्रेक्षकांतून काय ऐकावं लागलं असेल याची मला कल्पना येते. त्याने उत्तर माउंडवरून दिलं.

नेरूळचा_आकडेबाज
सोमवार, सकाळी ९:२०

काका, १९४६ चा मुद्दा पूर्ण मान्य. मी तिथेच येणार होतो, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. १९४४ च्या २९ विजयांना मी २९ म्हणून मोजत नाही. भरलेल्या लीगमध्ये ते चोवीस-पंचवीस झाले असते असं माझं मत. त्याच टीममधल्या डिझी ट्राउटने त्या वर्षी २७ जिंकले. दोघे मिळून ५६. आणि तरी डेट्रॉइट एका मॅचने मागे राहिलं आणि सेंट लुइस ब्राउन्स लीग जिंकले, सेंट लुइसमध्ये असताना एकदाच. अशा वर्षाला साधं वर्ष कसं म्हणायचं? ट्राउटला पुढे कधी एका सीझनला २० विजयही जमले नाहीत. १९४७ ला न्यूहाउझरचा हिशेबही १७-१७ असा बरोबरीत आला.

जुना_अंपायर
सोमवार, दुपारी १:१५

तुमचं चोवीस-पंचवीस मलाही पटतं, त्यावर भांडणार नाही. १९४४ चे चार-पाच विजय युद्धाने त्याच्या पदरात टाकले असतील. पण ट्राउटचं उदाहरण तुम्ही दिलंत तेच माझ्या बाजूने बोलतं. एकाच टीमचे दोघे, तीच वर्षं, तेच रोडावलेले बॅटर. लीग भरल्यावर एक खाली आला, दुसरा वर राहिला. १९४७ ला विजय-पराभव बरोबरीत, पण इआरए २.८७ होता. वाईट वर्षातही तो वाईट टाकत नव्हता.

१९४८ ला परत २१ जिंकले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्यातला एकविसावा सीझनच्या शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडमध्ये, समोर बॉब फेलर. त्या दिवशी क्लीव्हलँड जिंकलं असतं तर लीग तिथेच त्यांची होती. डेट्रॉइटला मिळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. न्यूहाउझरने ती मॅच ७-१ जिंकून दिली आणि क्लीव्हलँडला बॉस्टनशी जादा मॅच खेळावी लागली. युद्धावरून पदकं घेऊन आलेला फेलर एका बाजूला, युद्धावर जाऊ न शकलेला हा दुसऱ्या बाजूला. ज्या अंपायरने ती मॅच केली त्याचा मला हेवा वाटतो.

पुढचं थोडक्यात. १९५० नंतर खांदा गेला. डेट्रॉइटने १९५३ ला सोडलं. १९५४ ला क्लीव्हलँडकडून दुसऱ्या पिचरच्या मागून येऊन ७ जिंकले, २ हरले. १९५५ ला थांबला. एकूण २०७ विजय, १५० पराभव. मग वीस वर्षं बँकेत नोकरी केली. (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वतः काउंटरवर बसत होतो. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.) हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला १९९२ ला घेतलं. खेळ सोडून ३७ वर्षं झाली होती. इतकी वर्षं लागायचं मुख्य कारण हाच शिक्का, वॉरटाइम पिचर.

आणि त्याच १९९२ ची गोष्ट. तो तेव्हा ह्यूस्टनसाठी नवीन पोरं हेरायचं काम करायचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात, पहिली निवड ह्यूस्टनची होती. याने ठामपणे सांगितलं की मिशिगनचा डेरेक जीटर घ्या. त्यांनी फिल नेविनला घेतलं. न्यूहाउझरने काम सोडलं. जीटर सहाव्या नंबरवर यांकीजकडे गेला आणि पुढे केवढा मोठा खेळाडू झाला ते मुलाला माहीत असेलच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एका शाळकरी पोरावरच्या विश्वासापायी नोकरी सोडावी, हे मला त्याच्या २९ विजयांपेक्षा मोठं वाटतं.

ताई, आता मला एक सांगा. मुलाने फायनलला वॉक किती दिले?

घणसोली_डावखुरा
सोमवार, संध्याकाळी ७:४८

मध्येच बोलतो. मीही डावखुरा, कॉलेजपर्यंत खेळलो. ताई, त्याच्याकडे डावखुऱ्याचा ग्लोव्ह आहे ना? डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा असतो आणि तसा दुकानात सहज मिळत नाही. मी तीन वर्षं दुसऱ्या हाताचा ग्लोव्ह उलटा घालून खेळलो. अंगठा करंगळीच्या जागी. अजून ते बोट नीट वाकत नाही. माझा जुना ग्लोव्ह पडून आहे, चामडं थोडं कडक झालंय, पण तेल लावलं की मऊ होईल. हवा असेल तर सांगा, ऐरोली स्टेशनला आणून देतो.

ऐरोलीची_आई
मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफिसमधून आल्यावर त्याला सगळं वाचून दाखवलं. म्हणजे सुरुवात मी केली, मग त्याने फोन हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. १९४६ वाला भाग दोनदा वाचला. मर्चंट कोण ते विचारलं, ते सांगताना माझी थोडी धांदल झाली.

काका, तुमचा प्रश्न त्याला विचारला. स्कोअरशीट त्याने जपून ठेवलं आहे, मला माहीतच नव्हतं. फायनलला सात इनिंगमध्ये दोन वॉक. मग आदल्या वर्षीचं शोधून काढलं. तेव्हा चार इनिंगमध्ये सात होते. म्हणाला, "आई, प्रिलिममुळे सात नव्हते ना झाले दोन."

आता सांगते ते कशामुळे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर त्याने खडूने चौकट काढली होती. टेप लावून मोजून सतरा इंच रुंद. मला वाटलं सतरा कुठून आलं, आता कळलं. रोज संध्याकाळी शंभर बॉल. पहिल्या आठवड्यात शंभरातले ३१ चौकटीत बसायचे. मी खिडकीतून भाजी निवडत मोजायचे, माझं आणि त्याचं मोजणं जुळलं नाही की वाद व्हायचे. पावसाने खडू धुऊन जायचा आणि हा परत काढायचा. भिंतीला धप्प धप्प आवाज होतो म्हणून तळमजल्यावरच्या आजींनी दोनदा तक्रार केली, मग त्याच खुर्ची टाकून बघायला बसायला लागल्या. दिवाळीपर्यंत आकडा ६४ वर आला होता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि ते गृहस्थ बोलत होते तेव्हा मला यातलं एक अक्षर सुचलं नाही. त्याचं वाईट वाटतं.

प्रिंट परत लावली का, ते बघितलं नाही. कपाट त्याचं आहे.

ग्लोव्ह हवा आहे. आत्ताचा शाळेचा आहे आणि उजव्या हातवाल्याचाच आहे, तोही उलटाच घालतो. मला वाटायचं तसाच घालतात. घणसोलीचे दादा, शुक्रवारी सात नंतर ऐरोली स्टेशनवर चालेल का?

घणसोली_डावखुरा
मंगळवार, रात्री ९:४१

चालेल. तिकीट खिडकीपाशी थांबतो. त्याला सांगा, तोपर्यंत बॉल अडवताना करंगळी सांभाळ.

जुना_अंपायर
बुधवार, सकाळी ६:१०

दोन वॉक सात इनिंगमध्ये. ताई, मी हे वाचून खुर्चीतून उठलो.

त्या गृहस्थांना काही सांगायची गरज नाही. त्याला इतकंच सांगा की ६४ वर थांबू नकोस आणि आता चौकटीचे चार भाग कर. वर-खाली, आत-बाहेर. आधी कोपरा ठरवायचा, मग टाकायचा. ठरवल्याशिवाय टाकलेला बॉल चौकटीत बसला तरी मोजायचा नाही. आणि शंभर रोज नको, सोळाव्या वर्षी खांद्याला विश्रांती लागते. एक दिवसाआड, साठच्या वर नाही. न्यूहाउझरचा खांदा कसा गेला ते वर लिहिलंच आहे.

जमत असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला त्याला ठाण्याला सेंट्रल मैदानावर घेऊन या. क्रिकेटवाले यायच्या आधी तासभर कोपरा मोकळा मिळतो. बॉल माझ्याकडे आहेत. मास्क आणि छातीचं पॅडही काढून पुसून ठेवलंय. गुडघे किती वेळ साथ देतील सांगता येत नाही, पण पन्नास बॉल मी प्लेटमागून नक्की बघेन. येताना ते स्कोअरशीट घेऊन या, मला बघायचं आहे.